नगराची हिरवाई आणि पाण्याचा हिशेब

बंगळूरला उद्याननगरी म्हणण्याची प्रथा जुनी आहे. इ. स. १७६० च्या सुमारास हैदर अलीने लालबागेचा पाया घातला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी म्हैसूर संस्थानच्या सेवेत आलेले जर्मन उद्यानतज्ज्ञ गुस्ताव क्रुम्बिगेल यांनी रस्त्यांच्या दुतर्फा अशा बेताने वृक्ष लावविले की, एका जातीचा बहर ओसरू लागला म्हणजे दुसरीचा सुरू व्हावा. त्या वृक्षांची शोभा आजही डोळ्यांत भरते, आणि परगावचा पाहुणा ती पाहून सहजच म्हणतो की, हे नगर हिरवे आहे.

प्रस्तुत लेखकाचे मत थोडे निराळे आहे. नगर हिरवे आहे किंवा नाही, हे रस्त्यावरच्या पानांच्या रंगावरून ठरविता येत नाही. ते नगर आपले पाणी कोठून आणते, किती श्रमाने आणते, आणि एकदा वापरून झाल्यावर त्या पाण्याचे काय करते, यावरून ते ठरवावे लागते. ही कसोटी लावली म्हणजे बंगळूरची कीर्ती बरीच उणी पडते. परंतु ती भरून काढण्याचा मार्गही त्याच कसोटीतून दिसतो, आणि तो मार्ग सामान्य गृहस्थाच्या मोरीपासून सुरू होतो.

दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. सप्टेंबर २०२२ मध्ये बंगळूरच्या पूर्वभागात इतके पाणी तुंबले की, मोठमोठ्या संगणक कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना ट्रॅक्टरवर बसून कामावर जावे लागले. पुढे अवघ्या दीड वर्षाने, मार्च २०२४ मध्ये, त्याच नगरात नळविहिरी कोरड्या पडल्या. सरकारी विहिरींपैकी जवळजवळ निम्म्या आटल्याचे शासनाने सांगितले. पिण्याच्या पाण्याने मोटारी धुणे, बागा शिंपणे, कारंजी चालविणे यांस पाणीपुरवठा मंडळाने मनाई केली आणि नियम मोडणारास ५,००० रुपये दंड ठेवला. ज्या नगरात पाण्याने हाहाकार होतो तेथेच पाण्यावाचूनही हाहाकार व्हावा, हा दैवाचा खेळ नव्हे. दोन्ही आपत्तींचे मूळ एकच आहे, आणि ते समजण्यासाठी या नगराची जागा प्रथम पाहिली पाहिजे.

माथ्यावर वसलेले नगर

पुणे मुठेच्या काठी आहे, नाशिक गोदेच्या काठी आहे, सांगली कृष्णेच्या काठी आहे. बंगळूर मात्र कोणत्याही मोठ्या नदीच्या काठी नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या एका पाणलोट-माथ्यावर ते वसले आहे. पश्चिमेकडे पडलेला पाऊस वृषभावतीच्या ओघळीतून अर्कावतीस आणि तेथून कावेरीस मिळतो. पूर्वेकडे पडलेला पाऊस दक्षिण पिनाकिनीकडे जातो. घराच्या आढ्यावर पडलेले पाणी जसे दोन्ही पाख्यांवरून खाली उतरते, तसाच हा प्रकार आहे. आढ्यावर राहणाराने पाणी अडविले नाही तर ते त्याच्यासाठी थांबत नाही.

हे ज्ञान या भूमीवर राहणाऱ्या लोकांना पूर्वापार होते. पहिल्या केंपेगौडाने १५३७ मध्ये हे नगर वसविले तेव्हा किल्ल्याबरोबर तळीही बांधली. एका ओघळीवर बांध घालावा, तो भरला की त्याचे जास्तीचे पाणी कालव्याने खालच्या बांधात जावे, तो भरला की त्याच्याही खालच्या तळ्यात, अशी ती साखळी होती. कन्नडमध्ये तळ्याला 'केरे' आणि या मोठ्या कालव्यांना 'राजकालुवे' म्हणतात. तळ्याचे दार केव्हा उघडावे, कोणाच्या शेताला किती पाणी द्यावे, हे पाहणारा 'नीरगंटी' नावाचा एक सेवक गावोगाव असे. मराठी वाचकाला या नगराची ओळख आहे ती शहाजीराजांमुळे. १६३८ नंतर बंगळूर त्यांच्या जहागिरीत होते. त्यांच्या काळी या वस्तीला जगविणारे पाणी याच तळ्यांचे आणि तळ्यांच्या पाझरावर भरणाऱ्या विहिरींचे होते.

नगर वाढले आणि घरोघर नळ आला, तेव्हा तळी निरुपयोगी वाटू लागली. धर्मांबुधी तळ्याच्या जागी आज बसगाड्यांचे मुख्य स्थानक आहे. संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव क्रीडागार उभे आहे. कोरमंगल येथील एका तळ्यावर राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी वसाहत बांधली गेली. कित्येक कालवे अरुंद झाले, कित्येकांवर घरे चढली. २०२२ च्या पावसाचे पाणी आपली जुनी वाट शोधीत आले आणि त्या वाटेवर त्याला वसाहती आढळल्या. जे पाणी तळ्यात थांबून जमिनीत मुरावयाचे ते रस्त्यावर तुंबले आणि वाहून गेले. म्हणून २०२४ मध्ये ते विहिरीत नव्हते. एका आपत्तीने दुसरीला जन्म दिला, असे म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती नाही. ज्या वर्षी पाऊस कमी पडतो त्या वर्षी दुष्काळाचा दोष आपण आभाळाला देतो. परंतु ज्या वर्षी भरपूर पडला त्या वर्षीचे पाणी आपण कोठे ठेवले, हेही विचारणे प्राप्त आहे.

नळातील पाण्याचा प्रवास

जवळचे पाणी गमावणारास दूरचे आणावे लागते. १८९६ च्या सुमारास हेसरघट्ट येथील तलावाचे पाणी नळाने बंगळुरात आले. ते पुरेनासे झाले तेव्हा १९३३ मध्ये अर्कावतीवर तिप्पगोंडनहळ्ळी येथे जलाशय झाला. तोही अपुरा ठरला. १९६४ मध्ये स्वतंत्र पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळ स्थापन झाले आणि १९७४ मध्ये कावेरीचे पाणी प्रथम नगरात पोचले. तेव्हापासून एकामागून एक टप्पे झाले; पाचवा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला आणि त्याने दिवसाला ७७.५ कोटी लिटर पाण्याची भर घातली. आधीच्या टप्प्यांचे सुमारे १४५ कोटी लिटर धरले तर आता रोज २२० कोटी लिटरांहून अधिक पाणी कावेरीतून उपसण्याची सोय झाली आहे.

हे पाणी सुमारे १०० किलोमीटरांवरून येते, आणि येते ते चढून. मुंबईला तानसा-वैतरणेचे पाणी पुष्कळसे उतारानेच मिळते. कावेरी मात्र बंगळूरच्या बरीच खाली वाहते. उंचीतील अंतर आणि नळांतील घर्षण यांचा एकत्रित भार सुमारे ५०० मीटर चढावाइतका होतो. याचा अर्थ काय, हे माध्यमिक शाळेचा विद्यार्थीही काढू शकेल. हजार लिटर पाण्याचे वस्तुमान १,००० किलोग्रॅम. ते ५०० मीटर उचलण्यास १,००० × ९.८ × ५००, म्हणजे ४९ लक्ष जूल ऊर्जा लागते. विजेच्या एका युनिटात ३६ लक्ष जूल असतात. तेव्हा हिशेबाने सुमारे १.३६ युनिट, आणि पंपातील व्यय धरून पावणेदोन ते दोन युनिट वीज खर्च होते. नगररचनेत माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी हे मान धरतात. चार माणसांच्या कुटुंबाचे ५४० लिटर होतात, आणि ते वर चढविण्यास रोज सुमारे एक युनिट वीज लागते. दहा वॅटचा दिवा शंभर तास जळेल इतकी ही वीज आहे. घरातील दिवा विसरून जळत राहिला तर आपण घरच्यांना बोलतो. नळ वाहत राहिला तरीही दिवाच जळत असतो, फक्त तो शंभर किलोमीटरांवर पंपघरात जळतो म्हणून दिसत नाही.

विजेहून मोठी किंमत आणखी निराळी आहे. कावेरी ही केवळ बंगळूरची नदी नव्हे. मंड्याच्या ऊसकऱ्यापासून तंजावरच्या भातशेतकऱ्यापर्यंत अनेकांचा संसार तिच्यावर चालतो. कर्नाटक व तामिळनाडू यांच्यातील या पाण्याचा वाद एका शतकाहून जुना आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये त्याच वादापायी बंगळूरच्या रस्त्यांवर गाड्या जळाल्या. फेब्रुवारी २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बंगळूरच्या पिण्याच्या गरजेसाठी ४.७५ अब्ज घनफूट पाणी अधिक दिले. हे पाणी आकाशातून नव्याने पडलेले नाही. ते वाटणीत दुसऱ्याच्या पदरातून काढून दिलेले आहे. ज्या पाण्यासाठी शेजाऱ्याच्या ताटातील घास कमी झाला, ते आपण हिरवळीवर शिंपावे काय, असा हा प्रश्न आहे.

शिवाय नळ सर्वांच्या घरी पोचलेला नव्हता. मार्च २०२४ मध्ये जिल्हा प्रशासनाने टँकरचे दर बांधून दिले. १२,००० लिटरांच्या टँकरला पाच किलोमीटरांपर्यंत १,००० रुपये. म्हणजे हजार लिटरांना सुमारे ८३ रुपये. त्या वेळी नळजोडणी असलेल्या घरास पहिल्या आठ हजार लिटरांचा मूळ दर हजारी ७ रुपये होता. नगराच्या कडेवर राहणारा, ज्याच्यापर्यंत नळ गेला नाही, तो जवळजवळ बारापट मोल देत होता. पाण्याचा अपव्यय हा अशा रीतीने शेजाऱ्याच्या खिशातून होणारा अपव्यय ठरतो.

'सांडपाणी' या शब्दाविषयी

शास्त्रीय मजकूर मराठीत आणताना एका शब्दापाशी पुनःपुन्हा थांबावे लागते; तो शब्द 'सांडपाणी' हा होय. सांडणे म्हणजे टाकून देणे. एकदा हात धुतले की ते पाणी सांडावयाचेच, असा निवाडा या शब्दाने आधीच करून ठेवला आहे. वस्तुतः आपल्या घरांचा जुना व्यवहार या शब्दाहून शहाणा होता. मोरीचे पाणी परसात जाई, तेथे केळ, अळू, कर्दळ लावलेली असे, आणि पाहुणा आला म्हणजे त्याच केळीचे पान मांडले जाई. शब्द सांडण्याचा असला तरी पाणी सांडत नव्हते. परस गेले, मोरीला सिमेंटचे नळ जोडले गेले, आणि मग तो शब्द खरा झाला.

नगराला जेवढे पाणी मिळते त्याच्या सुमारे ऐंशी टक्के पाणी मैलापाणी होऊन बाहेर पडते. बंगळुरात हे पाणी दीर्घकाळ पुष्कळ अंशी न शोधताच ओढ्यांत आणि तळ्यांत सोडले जात होते. त्याचे फळ बेळ्ळंदूर तळ्यात दिसले. धुण्याच्या चूर्णांतील फेसकारी द्रव्ये पाण्यात साठली आणि बांधावरून पाणी कोसळताना पांढऱ्या फेसाचे डोंगर रस्त्यावर आले. मे २०१५ मध्ये तो फेस पेटला. जानेवारी २०१८ मध्ये तळ्याकाठी लागलेली आग विझविण्यास सैन्याचे जवान बोलवावे लागले. तळ्याला आग लागावी ही गोष्ट पुराणात असती तर आपण ती रूपक समजलो असतो. परंतु तो फेस कोणा राक्षसाने सोडलेला नव्हता. त्यात नगरातील प्रत्येक घराच्या धुण्याचा वाटा होता.

आता याच नगरातील दुसरे तळे पाहावे. उत्तरेकडे जक्कूर येथे मैलापाणी प्रथम शुद्धीकरण केंद्रात येते, तेथून मुद्दाम तयार केलेल्या पाणथळ जागेतून जाते, आणि मग तळ्यात उतरते. पाणथळीतील वनस्पतींची मुळे आणि त्यांवर वाढणारे सूक्ष्म जीव उरलेली पोषकद्रव्ये खाऊन टाकतात. उन्हाळ्यातही त्या तळ्यात पाणी असते, पक्षी येतात, मासेमारी चालते, आणि सभोवतालच्या विहिरींना पाझर मिळतो. बेळ्ळंदूरला जे पाणी शाप ठरले तेच जक्कूरला वर ठरले. दोहोंत फरक होता तो मध्ये केलेल्या कामाचा.

याहून मोठा प्रयोग २०१८ पासून चालू आहे. बंगळूरच्या कोरमंगल-चल्लघट्ट खोऱ्यातील मैलापाणी शुद्ध करून नळाने कोलार जिल्ह्यात नेतात आणि तेथील कोरड्या तळ्यांत सोडतात. कोलारला बारमाही नदी नाही. या योजनेवर आक्षेपही आले. आरंभीच एका तळ्यात फेस दिसला आणि वाद न्यायालयापर्यंत गेला. शुद्धीकरणाची आणखी एक पायरी वाढवावी, अशी मागणी तज्ज्ञांनी केली आहे, आणि ती रास्त आहे. परंतु टाकावू समजलेल्या पाण्याची वाट पाहणारा एक सबंध जिल्हा शेजारीच आहे, ही गोष्ट या योजनेने सिद्ध केली.

अन्य देशांचा अनुभवही असाच आहे. आफ्रिकेतील नामिबियाची राजधानी विंडहूक येथे १९६८ पासून शोधलेले मैलापाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले जाते. सिंगापुराने २००३ पासून असे पाणी कारखान्यांना व जलाशयांना पुरविले आहे. दूर कशाला, महाराष्ट्रातच नागपूरचे शोधलेले मैलापाणी कोराडीच्या वीजकेंद्राला दिले जाते. जे काम मैलापाण्याने भागते त्यासाठी धरणाचे पाणी का खर्चावे, हा साधा विचार त्यामागे आहे.

छपरावरचा पाऊस

वापरलेले पाणी परत वापरणे हा हिशेबाचा एक भाग झाला. दुसरा भाग आकाशातून येतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. हे सूत्र विद्यार्थ्यांनी पाठ करून ठेवण्यासारखे आहे. बंगळुरात वर्षाला सुमारे ९०० ते १,००० मिलिमीटर पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरांच्या गच्चीवर ९०० मिलिमीटर पाऊस धरला तर ९०,००० लिटर पाणी पडते. उडून आणि सांडून जाणारे वजा करता ७२,००० लिटर हाती लागावे. चौघांच्या कुटुंबाला वर्षाला सुमारे १,९७,००० लिटर लागतात. म्हणजे एका घराच्या छपराने त्या घराची एकतृतीयांशाहून अधिक गरज भागू शकते.

बंगळूरला निसर्गाने एक सवलतही दिली आहे. आपल्याकडे पावसाळा चार महिन्यांत आटोपतो. तेथे वळवाचा, नैर्ऋत्येचा आणि परतीचा असा पाऊस एप्रिल-मेपासून नोव्हेंबरपर्यंत विभागून येतो. त्यामुळे फार मोठे टाके बांधावे लागत नाही. लहान टाके भरते, वापरले जाते, आणि पुन्हा भरते. २००९ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून ठरावीक आकाराच्या जुन्या व नव्या इमारतींना पाऊसपाणी साठविणे किंवा मुरविणे बंधनकारक झाले. कायदा चांगला आहे. परंतु केवळ नकाशावर दाखविलेला आणि कधीही साफ न केलेला खड्डा पाणी मुरवीत नाही. वर्षातून एकदा गच्ची झाडणे, गाळणीतील पाला काढणे, खड्ड्यातील गाळ उपसणे, ही कामे कोणत्याही कायद्याने होत नाहीत.

मुरविण्याच्या कामी त्या भागातील एका जुन्या कारागीर समाजाची आठवण ठेवणे अगत्याचे आहे. त्यांना कन्नडमध्ये 'मण्णु वड्डर' म्हणतात. मण्णु म्हणजे माती. आपल्याकडील माती वडार तेच हे. पिढ्यान्‌पिढ्या तळी आणि विहिरी खणणाऱ्या या लोकांचे काम नळविहिरीच्या यंत्राने हिरावून घेतले होते. अलीकडे पाऊसपाणी जमिनीत मुरविण्यासाठी सहा-सात मीटर खोलीच्या लहान विहिरी खणण्याची चळवळ नगरात सुरू झाली, आणि हे कारागीर पुन्हा कामाला लागले. कब्बन पार्कमधील बुजलेल्या जुन्या विहिरी त्यांनी उपसून जिवंत केल्या. बंगळूरचा खडक ग्रॅनाइट व नाइस जातीचा आहे. त्याच्या वरच्या झिजलेल्या थरात पाणी साठते, आणि तो थर भरला तर उथळ विहिरीलाही पाणी येते. यंत्राने तीनशे मीटर खाली जाऊन जे पाणी शोधले जाते ते अनेक वर्षांचे साठलेले असते. वरच्या थरातील पाणी मात्र दरसाल भरता येते. आपण खर्चावे ते व्याज, मुद्दल राखून ठेवावे, हा व्यवहार येथेही लागू आहे.

घरातील हिशेब

वरील विवेचनातून गृहस्थाने काय घ्यावे? माणशी १३५ लिटरांपैकी सुमारे ४५ लिटर पाणी शौचकूपात ओतले जाते. म्हणजे शंभर किलोमीटरांवरून वर चढविलेल्या, गाळलेल्या, जंतुरहित केलेल्या पाण्याचा तिसरा हिस्सा. गृहसंकुलांनी स्वतःच्या केंद्रात शोधलेले पाणी या कामी वापरले तर तो हिस्सा वाचतो. तोटीला जाळी बसविली तर हात धुण्यास पूर्वीइतकेच समाधान निम्म्याहून कमी पाण्यात मिळते. मार्च २०२४ मध्ये बंगळूरच्या मंडळाने दुकाने, कचेऱ्या, हॉटेले यांना अशा जाळ्या सक्तीच्या केल्या होत्या. पाणी शुद्ध करण्याचे जे 'आरओ' यंत्र घरोघर आले आहे ते एक लिटर पिण्यास देताना बहुधा त्याहून अधिक पाणी बाहेर टाकते. ते बादलीत धरले तर फरशी पुसण्यास उपयोगी पडते. धुण्याचे चूर्ण मोजून घालावे. अधिक फेस म्हणजे अधिक स्वच्छता, हा समज निराधार आहे. अंगणात हिरवळीऐवजी त्या भूमीत आपोआप टिकणारी झाडे लावावीत. हिरवळ डोळ्यांस हिरवी दिसते, पण उन्हाळ्यात ती कावेरी पिते.

यावर काही आक्षेप येतात, त्यांचा विचार करणे न्याय्य होईल. पहिला असा की, चार बादल्या वाचवून काय होणार. मोठी कामे शासनानेच केली पाहिजेत. हे अर्धे खरे आहे. कालव्यांवरील अतिक्रमण हटविणे, गळके नळ बदलणे, मैलापाण्याची केंद्रे चालविणे ही नगरशासनाचीच कामे आहेत, आणि नागरिकाने ती मागितली पाहिजेत. परंतु ज्याने आपल्या घरचे मापक कधी वाचले नाही तो नगराच्या गळतीविषयी कोणत्या आधारावर विचारणार? दुसरा आक्षेप किळसेचा. वापरलेले पाणी पुन्हा घरात कसे घ्यावे? येथे पिण्याचा प्रश्न नाही. शौचकूप, बाग आणि रस्ते यांचा आहे. मात्र निष्काळजीपणे चालविलेले शुद्धीकरण केंद्र आरोग्याला धोका करते, हे मान्य केले पाहिजे. तेथे शिकलेला चालक आणि नियमित तपासणी हवी, आणि त्याचा खर्च संकुलातील रहिवाशांनी आनंदाने सोसला पाहिजे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. दहा मजली इमारतीत दहा कुटुंबांच्या वाट्याला एकच छप्पर येते. तेथे वरचा सुरेख हिशेब कसा जमेल? जमणार नाही. उंच इमारतीत पावसाचा वाटा दहाव्या हिश्शावर येतो, आणि म्हणूनच तेथे वापरलेल्या पाण्याच्या पुनर्वापराला अधिक महत्त्व आहे. उलट बैठ्या घराला छप्पर मोठे आणि शुद्धीकरणाची सोय लहान. त्याने पाऊस धरावा. एकच उपाय सर्वांवर लादण्याचे कारण नाही. आणि झोपडीत जो माणूस दोन घागरींत दिवस काढतो त्याला काटकसरीचा उपदेश करणे तर क्रूरपणाचे होईल. ज्याचे छप्पर मोठे, ज्याची मोटार मोठी, ज्याच्या अंगणात हिरवळ आहे, त्याच्यावर कर्तव्याचा भारही तितकाच मोठा आहे.

हा लेख बंगळूरविषयी असला तरी तो महाराष्ट्रातील शाळांत आणि ग्रंथालयांत वाचला जाईल. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. तेव्हा ही गोष्ट परक्या नगराची नव्हे. शिक्षकांना एक विनंती करावीशी वाटते. विद्यार्थ्यांकडून शाळेच्या छपराची लांबी-रुंदी मोजून घ्यावी. गावच्या पावसाच्या आकड्याने ती गुणावी. शाळेत रोज किती पाणी लागते ते आठवडाभर लिहून ठेवावे. आणि ठिबकणाऱ्या एका नळाखाली तासभर पेला ठेवून किती पाणी जमते ते मोजावे. शेवटी त्या शाळेचे वापरलेले पाणी कोणत्या ओढ्याला मिळते हे सर्वांनी मिळून पायी जाऊन पाहावे. हा तक्ता वर्गाच्या भिंतीवर लागला आणि पुढील वर्षीच्या मुलांनी आपले आकडे त्याच्या शेजारी लिहिले, तर आपल्या गावाची हिरवाई वाढते आहे की घटते आहे, हे त्यांना कोणाला विचारावे लागणार नाही.